दहापैकी चांगले सहा

एजन्सीला पाचपैकी अडीच तारे होते. अडीच! इंटरनेटवर तो आकडा पाहिला तेव्हा मी शाळेच्या स्वयंपाकघरात उभी होते, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात चारशे मुलांच्या मॅकरोनीत फिरवायचा डाव. यांच्या हाती मी माझं मांजरसुद्धा देणार नाही, हा पहिला विचार मनात आला. पण माझ्यापुढे निवड होती कुठे? बाबाचं खुब्याचं हाड मोडलं होतं, हृदय अर्ध्या ताकदीवर चालत होतं, डाव्या पायावर महिनोन्‌महिने न भरणारी जखम होती. आणि आमच्या एल्डरबी गावापर्यंत गाडी घालून घरी नर्स पाठवणारी दुसरी एजन्सी शंभर मैलांत नव्हती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, आठवड्यातून तीनदा नर्स घरी येणार असेल तर आर्विडला, म्हणजे बाबाला, घरी राहू दे, नाहीतर फार्गो शहरातल्या वृद्धाश्रमात जागा बघ.

बाबाने हे ऐकलं आणि म्हणाला, "ठीक आहे."

आमच्याकडे सगळंच ठीक असतं. घराला आग लागली तर म्हणतील, जरा ऊब आलीय. मी रोंडा निगार्ड, याच मातीत वाढलेय, त्यामुळे मला ते 'ठीक' कशाचं होतं ते कळायला हवं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, जन्मला त्याच घरात राहणारा. सगळी हयात समोरच्या रानात साखर कारखान्यासाठी बीट पिकवण्यात गेलेली. रान आता शेजारी कसतो, आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी रोज सकाळी हा खिडकीशी बसून शेजाऱ्याच्या नांगरटीला नावं ठेवणार. त्याला तिथून उचलून फार्गोत ठेवायचं म्हणजे काय, हे बोलायची आमच्यात पद्धत नाही.

मग मी काय केलं, तर कामाला लागले. 'घरी येणारी नर्सिंग एजन्सी कशी पारखावी' असा एक लेख इंटरनेटवर सापडला. बावीस प्रश्न होते. ते सगळे वहीत उतरवले आणि पहिल्या दिवशी परीक्षेच्या मास्तरासारखी स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले. एप्रिल होता, बर्फ वितळून अंगणात चिखल झालेला.

नर्स आली ती ठरल्या वेळी, नऊला. बूट दाराशी काढले. पहिल्यांदा हात धुतले, कोपरापर्यंत. गोळ्यांच्या बाटल्या एकेक करून स्वतः वाचल्या, हॉस्पिटलच्या यादीशी ताडून पाहिल्या आणि एकच औषध दोन नावांनी दोनदा आलंय हे पाच मिनिटांत शोधून काढलं. बाबाबद्दल काही विचारायचं तर बाबाला विचारायची, त्याच्या डोक्यावरून मला नाही. माझ्या वहीत बरोबरच्या खुणा वाढत चालल्या आणि मला जरा चिडच आली. अडीच तारेवाल्यांनी इतकं नीट वागायचं काय कारण?

तिचं नाव ओरालिया. मूळची टेक्सासच्या दक्षिण टोकाची, नवरा आमच्या साखर कारखान्यात बॉयलरवर. बाबाला ती 'डॉन आर्विड' म्हणायची. तिच्या माहेरी वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात. बाबाने मान हलवली. तो खूश झाला होता, पण हे तिला कसं कळणार?

दुसऱ्या आठवड्यात मला समजलं की बाबाची नऊ दिवस आंघोळ झालेली नाही. मी तडक ओरालियाला गाठलं.

"नऊ दिवस! तुम्ही इथे येऊन करता तरी काय?"

तिने फाईल उघडून माझ्यापुढे सरकवली. पानभर एकच मजकूर. आंघोळ, रुग्णाचा नकार. दुखण्याची गोळी, रुग्णाचा नकार. चालण्याचा व्यायाम, रुग्णाचा नकार.

"मी विचारलं, ते नको म्हणाले," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मला वाटतं त्यांना मी आवडत नाही. बाकीच्या घरांतही असंच. सगळे गोड बोलतात आणि सगळ्याला नाही म्हणतात."

"किती वेळा विचारलं?"

"किती वेळा म्हणजे? एकदा."

मला हसूच फुटलं. बिचारी. मी तिला खुर्चीत बसवलं, कॉफी ओतली.

"अगं बाई, आमच्याकडे पहिलं 'नको' वळण म्हणून असतं. दुसरं 'नको' म्हणजे समोरचा मनापासून विचारतोय की नुसतं तोंडदेखलं, ते बघायला. तिसऱ्यांदा जे बोलतात ते उत्तर. कॉफीचं तसंच आणि छातीत दुखण्याचंही तसंच."

"आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही तर?"

"तर माणूस मरतो. पण चारचौघांत शोभा होत नाही."

ती हसली नाही. तिने ते फाईलच्या आतल्या बाजूला लिहून घेतलं. त्या दिवशी तिने बाबाला आंघोळीचं तीनदा विचारलं, मधे मधे हवापाणी बोलत, आणि तिसऱ्यांदा बाबा म्हणाला, "आता तू पाणी तापवलंच असशील तर..." मी पोर्चमध्ये उभी राहून ऐकत होते. आतून पाण्याचा आवाज आला आणि माझ्या जिवात जीव आला.

तेव्हापासून ओरालिया तीनदा विचारू लागली. चाळीस मिनिटांच्या भेटीला सत्तर मिनिटं लागायची. निघतानाही आमच्याकडे उठून लगेच जात नाहीत. आधी टेबलाशी निरोप, मग दाराशी, मग गाडीची काच खाली करून. ती तेही शिकली. जुलैत तिने असंच तीनदा विचारल्यावर बाबाने कबूल केलं की आडवं झालं की दम लागतो म्हणून चार रात्री तो खुर्चीतच झोपतोय. तिने वजन केलं, घोट्यावर बोट दाबून पाहिलं, तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला आणि अंगातलं पाणी काढणारी गोळी वाढवून घेतली. हॉस्पिटलची वारी टळली. त्या रविवारी मी माझी वही चुलीत घातली. बावीस प्रश्नांत 'तिसऱ्यांदा विचारते का' हा प्रश्नच नव्हता.

आणि मग ऑक्टोबरात डोरीनचा फोन आला.

बीटची काढणी सुरू होती. रस्त्यावर दिवसरात्र ट्रक, वळणावळणावर सांडलेले बीट, हवेत कारखान्याचा तो वास. डोरीन म्हणजे एजन्सीच्या आमच्या शाखेची व्यवस्थापक. शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होती.

"रोंडा, आपली शाखा बंद करतायत," ती म्हणाली. मग आमच्या पद्धतीने लगेच सावरून घेतलं, "म्हणजे, तसा विचार चाललाय."

पेशंटना दर तीन महिन्यांनी एक फॉर्म येतो. नर्सला शून्य ते दहा गुण द्यायचे. कंपनी फक्त नऊ आणि दहा मोजते, बाकी सगळं नापास. आमच्या जिल्ह्याची सरासरी होती सहा. वर त्यांच्या कागदांवर आमच्याकडच्या भेटी देशात सगळ्यांत लांबलेल्या. मुख्य ऑफिसला वाटत होतं, नर्सा वेळ काढतायत आणि पेशंट वैतागलेत. म्हणून न्यू जर्सीहून एक तपासणीस येणार होता. तीन घरं बघणार, मग निकाल. गुरुवारी आमचं घर.

"आणि शाखा बंद झाली तर?"

"तर ओरालियाला दुसरीकडे पाठवतील. आणि तुझ्या बाबांचं... तुला माहीतच आहे."

माहीत होतं. मी तशीच गाडी काढून बाबाकडे गेले. तो खिडकीशी बसला होता.

"बाबा, जुलैत तुला एक फॉर्म आला होता. ओरालियाला किती दिलेस?"

"सहा."

"सहा?"

"चांगले सहा," तो म्हणाला. आवाजात थोडा अभिमानच होता.

"अरे, तिने तुझा जीव वाचवला जुलैत!"

"म्हणूनच. नाहीतर पाच दिले असते."

"दहा द्यायला काय झालं होतं?"

"दहा?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शिट्टी वाजवली. "दहा द्यायला ती काय पाण्यावरून चालते?"

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. कंपनी कशी मोजते, शाखा कशी बंद होणार, ओरालिया जाणार, मग फार्गो. फार्गो म्हटल्यावर त्याने खिडकीबाहेर पाहिलं. मी म्हटलं, गुरुवारी तो माणूस विचारेल, तू फक्त 'दहा' म्हण. दोन अक्षरं.

"माझ्या टेबलाशी बसलेल्या माणसाशी मी खोटं बोलत नाही, रोंडा."

"मग नऊ म्हण!"

"तुझ्या आईला नऊ मिळाले नाहीत कधी."

आता या माणसापुढे डोकं आपटायचं की त्याचं आपटायचं? मी रागारागाने भांडी घासली आणि निघून आले. बुधवारी संध्याकाळी पुन्हा डोकावले, दारातूनच विचारलं, "ठीक ना?" तो म्हणाला, "ठीक." मी गेले.

गुरुवारी मी शाळेतून रजा घेतली. तपासणीस नऊला दहा कमी असताना आला. मिस्टर कपासो, चाळिशीचा, भराभर बोलणारा, पायात शहरी पातळ बूट, आणि गाडी बीटच्या ट्रकांनी उडवलेल्या चिखलाने काचेपर्यंत माखलेली. वाईट माणूस वाटला नाही. फक्त घाईत होता.

"कॉफी?" बाबाने विचारलं.

"नको, थँक्यू, आत्ताच झाली."

"थोडीशी?"

"नाही, खरंच नको."

"टाकलेलीच आहे."

"नाही, नाही. आपण सुरू करू या का?"

बाबाने कप परत उपडा घातला. तीनदा नाही म्हणणारा माणूस त्याने या टेबलाशी पाहिला नसावा. मागोमाग ओरालिया आली, पण तपासणी होईपर्यंत नर्सने मधे बोलायचं नाही असा नियम. ती भिंतीशी हात बांधून उभी राहिली. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

कपासोने मांडीवर टॅब घेतला आणि प्रश्न सुरू केले. नर्स वेळेवर येते का? येते. तुमचं ऐकून घेते का? घेत असावी. आंघोळीला मदत लागते का? नाही. वेदना? नाही. श्वासाचा त्रास? नाही. चक्कर? नाही. गेल्या महिन्यात पडलात का? नाही. झोप? ठीक. एखाद्या पाहुण्याने हवामान विचारावं तशी उत्तरं चालली होती. टॅबवर बोट टकटक वाजत होतं.

"आणि एकूण या नर्सला शून्य ते दहापैकी किती द्याल?"

मी बाबाकडे पाहिलं. डोळ्यांनी हात जोडले. बाबाने घसा साफ केला, टेबलावरचा चुरा बोटाने गोळा केला.

"सहा."

टक. कपासोने टॅब मिटला. "थँक्यू, मिस्टर निगार्ड. एवढंच." आणि तो उठला. बारा मिनिटं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस आणि त्याचं घर, बारा मिनिटांत आटोपलं.

मी दारात आडवी उभी राहिले. आमच्याकडे असं कुणी करत नाही. मी स्वतःही आयुष्यात केलं नव्हतं.

"बसा," मी म्हटलं. "तुम्ही काहीच विचारलेलं नाही."

"मॅडम, मी सगळे प्रश्न..."

"एकदा विचारलेत. इथे एकदा विचारणं म्हणजे न विचारणं. तुम्ही सत्तर मिनिटांच्या भेटी तपासायला आलात ना? मग एक बघून तरी जा. तिला तिचं काम करू द्या."

"रोंडा," बाबा म्हणाला. एवढंच, पण तो चांगलाच ओशाळला होता.

कपासोने घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली बसला. मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली, विचारलंच नाही.

ओरालिया पुढे झाली. हात धुतले, जमिनीवर गुडघे टेकून बाबाचे मोजे काढले.

"काय म्हणतंय रान, डॉन आर्विड?"

"शेजारी उशिरा लागला काढणीला. बीट वाईट नाही."

"चक्कर वगैरे?"

"नाही."

तिने जखमेची पट्टी सोडली, धुतली. जखम आता नखाएवढी उरली होती. मग ट्रकवाल्यांविषयी बोलली, तिच्या नवऱ्याच्या रात्रपाळीविषयी बोलली. नवी पट्टी बांधता बांधता मान वर न करता तिने पुन्हा विचारलं, "उठताना डोकं हलकं होतं का?"

"अं... नाही गं. म्हातारपण, दुसरं काय."

तिने वजन घेतलं. खिडकीखालच्या कोचावर आडवं झोपवून रक्तदाब घेतला. कोचाच्या कडेला बसवून पुन्हा घेतला. मग त्याच्या शेजारी बसली, आणि त्याचा हात हातात घेऊन नाडी बघत असल्यासारखं केलं.

"कधी पडलात?"

बाबाने खिडकीकडे पाहिलं. कपासोची कॉफी ओठापर्यंत जाऊन थांबली.

"मंगळवारी," बाबा म्हणाला. "बाथरूममध्ये. फार नाही."

तिने त्याच्या शर्टाची बाही वर केली. कोपरापासून खांद्यापर्यंत सगळं काळंनिळं. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. मंगळवारी! आणि बुधवारी मी दारातून 'ठीक ना' विचारून निघून गेले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की ओट्याला धरून उभी राहिले.

"लपवलंस का?" मी ओरडले. "बाबा, लपवलंस का तू?"

त्याने उत्तर दिलं ते ओरालियाला. "पडलो म्हटलं की पाठवतात. फार्गोला."

"पडल्याबद्दल नाही पाठवत," ओरालिया म्हणाली. "पडून गप्प बसल्याबद्दल पाठवतात. बघा, बसल्यावर तुमचा रक्तदाब केवढा खाली आलाय. पाणी काढायची गोळी आता जास्त होतेय तुम्हाला, जुलैची गरज संपली. एवढंच आहे. थांबा."

तिने डॉक्टरांना फोन लावला. वजन, दोन्ही रक्तदाब, पडणं, सगळं एका दमात. गोळी निम्मी झाली. खांदा, कोपर हलवून पाहिलं, हाड शाबूत होतं. डोक्याला लागलं नव्हतं हेही तिने तीनदा विचारून घेतलं. मग बाथरूममध्ये जाऊन पायपुसणं उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. बाबाच्या आईने विणलेलं होतं ते, पण कोणी काही बोललं नाही.

कपासोने टॅब उघडला नव्हता. तो कोट न घालता बसला होता आणि माझ्या लेफ्सेच्या, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळीच्या, तिसऱ्या घडीवर लोणी लावत होता.

"मिस्टर निगार्ड," तो म्हणाला, "मी तुम्हाला 'पडलात का' विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"तुम्ही नुसतं विचारलंत," बाबा म्हणाला.

"बरं. पण मग हिला सहाच का?"

"चांगले सहा. माझं हाड ज्याने जोडलं त्याला मी पाच दिले होते."

"आमच्या जर्सीत सँडविच बरं लागलं तरी माणूस दहा देतो!"

"मग चांगलं सँडविच लागलं तर काय करता तुम्ही?" बाबाने विचारलं. खरंच कुतूहल होतं त्याला.

कपासो हसायला लागला. मी म्हटलं, "माझ्या आईच्या लेफ्सेला यांनी एका नाताळला सात दिले होते. ती वसंतापर्यंत गावभर सांगत फिरत होती." ओरालियाने तोंडावर हात ठेवला. ती हसतेय की रडतेय, कळेना. तीन महिने तिने 'सहा'चा फॉर्म मनाला लावून घेतला होता, हे मला त्या क्षणी उमगलं. आम्ही कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

कपासो गंभीर झाला. "मला गुण नकोत. मला एवढं सांगा, सोमवारी ही आली नाही तर?"

बाबाने शर्टाची बाही खाली ओढली. कपासोने पुन्हा विचारलं. बाबाने मान हलवली, "काहीतरी होईलच." मग, देव त्याचं भलं करो, त्या न्यू जर्सीवाल्याने वाकून तिसऱ्यांदा विचारलं.

"ती यायला पाहिजे," बाबा म्हणाला. "मला हे घर सोडायचं नाही. ती आली पाहिजे."

मी जन्मात बाबाला काही मागताना ऐकलं नव्हतं. आई शेवटची आजारी होती तेव्हाही नाही. मी पोर्चवर गेले आणि नाक शिंकरत बसले. कपासो साडेदहाला निघाला. दाराशी एकदा निरोप घेतला, गाडीशी एकदा, आणि काच खाली करून एकदा. शिकला बिचारा.

पुढचे अठरा दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. शाळेत दोनदा भात करपवला. ओरालिया येत होती, पण आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो. बाबा मात्र 'ठीक' होता. रोज तीनदा विचारलं तरी ठीक. मी म्हटलं, बरं आहे, निदान याला तरी झोप लागतेय.

डोरीनचा फोन आला तेव्हा मी बाबाकडेच होते. ती रडत होती, त्यामुळे आधी काही समजेना.

"राहिली गं," ती म्हणत होती. "शाखा राहिली. त्याने काय लिहिलंय माहितीये? या जिल्ह्याचे गुण या जिल्ह्याशीच ताडून बघा म्हणून. आणि भेटीला सत्तर मिनिटं मंजूर, लेखी! ओरालिया कुठेही जात नाही."

मी मटकन खुर्चीत बसले. छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटलं आणि मी हसत सुटले, येड्यासारखी. बाबा वॉकर धरून उभा राहिला होता. त्याला सांगितलं, सगळं राहिलं, तू इथेच.

"हं," तो म्हणाला. "वाईट नाही." मग जरा थांबून, भिंतीकडे बघत, "खोलीच्या दाराआड एक बॅग आहे. तेवढी रिकामी कर. मला वाकता येत नाही."

"कसली बॅग?"

तो कॉफीच्या भांड्याशी उगाच खुडबुड करू लागला. मी आत गेले. ते दार कायम उघडंच असतं, त्यामुळे त्याच्या मागे मी कधी पाहिलंच नव्हतं. आईची जुनी निळी प्रवासाची बॅग होती. आत दोन जाड शर्ट, घडी न जमलेले. चर्चचे बूट. दाढीचं सामान. कानाच्या यंत्राचे सेल. आईचा एक लहान फोटो टॉवेलात गुंडाळलेला. आणि सगळ्यांत वर एक कागद, मोठमोठ्या थरथरत्या अक्षरांत, फार्गोच्या वृद्धाश्रमातल्या माणसांसाठी लिहिलेला. माझा फोन नंबर होता. खाली लिहिलं होतं: 'माझ्या मुलीला अडीचच्या आधी फोन करू नये. ती कामावर असते. तिला सांगावं की इथे ठीक आहे.'

मी तो कागद हातात घेऊन पलंगावर बसले ती बसलेच. डोरीनचा पहिला फोन आला त्याच आठवड्यात त्याने ती बॅग भरली असणार, वॉकर धरून, एकेक वस्तू नेत. आणि मी त्याला सांगत होते, नुसतं दहा म्हण.

मग मी शर्ट कपाटात टांगले. बूट जागेवर ठेवले. फोटो त्याच्या उशाशी उभा केला. कागद घडी करून माझ्या खिशात घातला आणि बाहेर आले. आमच्या घरात एकमेकांना मिठी फक्त अंत्यविधीला मारतात, पण मी मारली. बाबा खांबासारखा ताठ उभा राहिला. थोड्या वेळाने त्याचा एक हात वॉकरवरून सुटला आणि माझ्या पाठीवर आला.

"इथे ठीक आहे," तो म्हणाला. "कॉफी घे. निवतेय."